लंडनहून एका दिवसाची रेल्वे सहल: तिकिटांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे महिना लागला की लंडनमधल्या मराठी घरांत पाहुणे यायला लागतात. कुणाचे आई-बाबा, कुणाचे सासू-सासरे, कुणाची आत्या. पहिला आठवडा राजवाडा, टॉवर ब्रिज, संग्रहालयं यांत जातो आणि मग विचारणा होते, "एखाद्या दिवशी लंडनच्या बाहेर जाऊन येऊ का?" जरूर जाऊन या. इथल्या गाड्या चांगल्या आहेत, गावं सुंदर आहेत आणि बहुतेक ठिकाणी सकाळी निघून रात्री जेवायला घरी परत येता येतं. अडतं ते तिकिटापाशी. एकाच गाडीची चार-पाच प्रकारची तिकिटं आणि प्रत्येकाचा दर निराळा, हे पाहून माणसं बिचकतात. गेली काही वर्षं हे प्रश्न मला फोनवर येत आहेत. त्यांची उत्तरं एकत्र लिहिली आहेत, मुख्य उदाहरण केंब्रिजचं धरून.

एका दिवसात कुठे जाता येतं? गाडी कुठून सुटते?

लंडनचं असं एक मुख्य स्टेशन नाही. प्रत्येक दिशेची गाडी वेगळ्या स्टेशनावरून सुटते, त्यामुळे आधी गाव ठरवा आणि मग स्टेशन बघा.

केंब्रिजला किंग्ज क्रॉसहून जलद गाडी सुमारे ५० मिनिटांत पोचते. लिव्हरपूल स्ट्रीटहूनही गाड्या आहेत, त्यांना सव्वा तासाच्या आसपास लागतो. ऑक्सफर्डला पॅडिंग्टन किंवा मॅरिलबोनहून साधारण तासाभरात. बाथला पॅडिंग्टनहून दीड तासाच्या आत. ब्रायटनला व्हिक्टोरिया किंवा लंडन ब्रिजहून तासभर. विंडसरला वॉटर्लूहून थेट गाडी आहे किंवा पॅडिंग्टनहून स्लाऊला (Slough) गाडी बदलून जाता येतं. विंडसरमध्ये दोन वेगळी स्टेशनं आहेत, दोन्ही किल्ल्याजवळच.

शेक्सपियरचं गाव पाहायचं असेल तर तिकिटावर 'स्ट्रॅटफर्ड-अपॉन-एव्हन' हे पूर्ण नाव आहे ना, हे नीट वाचा. नुसतं 'स्ट्रॅटफर्ड' म्हणजे पूर्व लंडनमधला भाग, जिथे २०१२ चं ऑलिंपिक झालं. ही चूक खरोखर होते. शिवाय एव्हनकाठचं स्ट्रॅटफर्ड लंडनहून दोन तासांहून जास्त आहे. एका दिवसात जमतं, पण थकायला होतं. आई-बाबा सत्तरीचे असतील तर मी तिथे मुक्कामाला जायला सांगेन.

महिनाभर आधी आरक्षण केलं नाही तर जागा मिळेल का?

मिळेल. आपल्याकडच्या वेटिंग लिस्टची सवय मनातून काढून टाका. इथे साध्या तिकिटावर नाव नसतं, पीएनआर नसतो, चार्ट लागत नाही आणि बहुतेक गाड्यांची तिकिटं 'संपत' नाहीत. सकाळी उठून आकाश बघावं, पाऊस नसेल तर स्टेशनावर जाऊन तिकीट काढावं आणि निघावं. केंब्रिजच्या गाडीत आरक्षित जागा नसतात, रिकामी दिसेल तिथे बसायचं. गर्दी असली तर थोडा वेळ उभं राहावं लागतं, इतकंच.

ॲडव्हान्स, ऑफ-पीक, एनीटाइम यांतलं कोणतं घ्यावं?

या प्रश्नावर माझं मत ठाम आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

'एनीटाइम' म्हणजे दिवसातल्या कुठल्याही गाडीला चालणारं तिकीट. सगळ्यांत महाग. कामावर जाणाऱ्यांना लागतं, तुम्हाला बहुधा लागणार नाही.

'ऑफ-पीक' म्हणजे गर्दीची वेळ सोडून कुठल्याही गाडीला चालणारं. काही मार्गांवर त्याहून स्वस्त 'सुपर ऑफ-पीक' असतं, त्याच्या वेळा आणखी मर्यादित असतात.

'ॲडव्हान्स' म्हणजे एका ठरावीक गाडीचं, एकेरी तिकीट. ते साधारण बारा आठवडे आधीपासून मिळू लागतं आणि लवकर घेतलं तर सर्वांत स्वस्त पडतं. पण गाडी चुकली तर ते तिकीट वाया गेलं असंच समजा. पैसे परत मिळत नाहीत. गाडी सुटायच्या आत दुसऱ्या वेळेला बदलून घेता येतं, मात्र दरातला फरक भरावा लागतो.

एका दिवसाच्या सहलीला माझा सल्ला: 'ऑफ-पीक डे रिटर्न' घ्या. जायचं-यायचं एकच तिकीट, परतीची वेळ मोकळी.

हे मी अनुभवावरून सांगते. काही वर्षांपूर्वी माझी आत्या आणि काका मे महिन्यात आले होते. भारतातूनच त्यांना केंब्रिजची दोन्ही बाजूंची ॲडव्हान्स तिकिटं काढून दिलेली होती, परतीची गाडी दुपारी चारनंतरची. आत्या स्वतः गाणं शिकलेली. किंग्ज कॉलेजच्या चॅपलमध्ये सत्राच्या दिवसांत संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास प्रार्थना असते, तिथला प्रसिद्ध वृंद गातो आणि ऐकायला पैसे पडत नाहीत, हे तिला तिथल्या दारावर कळलं. तोवर तीन वाजून गेले होते. नवं तिकीट काढायला काका तयार होते, पण "एवढे पौंड पाण्यात घालायचे?" म्हणून आत्याच मागे फिरली. त्या दोन तिकिटांवर वाचले असतील दहा-पंधरा पौंड. पुन्हा केंब्रिजला येणं तिला जमलं नाही. तेव्हापासून मी कुणालाही परतीचं तिकीट वेळ बांधून घेऊ देत नाही.

बाथसारख्या लांबच्या ठिकाणी ॲडव्हान्सने बचत जास्त होते, तेव्हा मोह होणं साहजिक आहे. तिथे हिशेब करून बघा: जाताना सकाळचं ॲडव्हान्स आणि येताना मोकळं ऑफ-पीक एकेरी. पण बेरीज केल्याशिवाय ठरवू नका, कारण पुष्कळ मार्गांवर एकेरी ऑफ-पीक तिकीट परतीच्या तिकिटापेक्षा अगदी थोडंच स्वस्त असतं. मग अशी जोडी उलट महाग पडते.

ऑफ-पीक म्हणजे नक्की किती वाजल्यापासून?

शनिवार, रविवार आणि बँक हॉलिडेला सहसा दिवसभर. इतर दिवशी मोठ्या शहरांभोवती ढोबळमानाने सकाळी साडेनऊनंतर, पण प्रत्येक मार्गाचा नियम वेगळा असतो आणि काही ठिकाणी संध्याकाळीही बंधन असतं. पाठ करत बसू नका. संकेतस्थळावर तारीख आणि वेळ घातली की त्या गाडीला चालणारी तिकिटंच दिसतात. जाण्याची आणि येण्याची, दोन्ही वेळा घालून बघा.

'डे रिटर्न' त्याच दिवशी वापरायचं असतं. रेल्वेचा 'दिवस' मात्र पहाटे ४:२९ ला संपतो, त्यामुळे मध्यरात्रीनंतरच्या शेवटच्या गाडीलाही ते चालतं.

तिकीट कुठून काढावं?

गाड्यांच्या वेळा आणि दर 'नॅशनल रेल'च्या संकेतस्थळावर बघा. तिकीट त्या मार्गावरच्या रेल्वे कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून किंवा ॲपवरून घ्या, तिथे वरचं शुल्क लागत नाही. 'ट्रेनलाइन' सोयीचं आहे, मात्र बहुतेक तिकिटांवर आपलं शुल्क लावतं. एका कंपनीच्या संकेतस्थळावर दुसऱ्या कंपनीचंही तिकीट मिळतं, म्हणून कुठलं एक ॲप घेतलं तरी पुरतं.

कंपन्यांची नावं ऐकून गोंधळू नका. १९९३ च्या कायद्यानंतर इथल्या गाड्या खासगी कंपन्यांकडे गेल्या आणि आता त्या एकेक करून पुन्हा सरकारकडे येत आहेत. साउथ वेस्टर्न रेल्वे मे २०२५ मध्ये आली. डब्यावरचा रंग बदलेल, तुमचं तिकीट तेच राहील.

स्टेशनावरच्या यंत्रातूनही तिकीट काढता येतं. फक्त 'आजच जायचं, आजच यायचं' हा पर्याय निवडा आणि पडद्यावर पहिलं दिसणारं महाग तिकीट घाईने घेऊ नका. यंत्राशी जमत नसेल तर सरळ तिकीट खिडकीवर जा आणि म्हणा, "ऑफ-पीक डे रिटर्न टू केंब्रिज, प्लीज." एवढं वाक्य पुरेसं आहे. खिडकीवरची माणसं मदत करतात. आपल्या इंग्रजीची चिंता नको, रोज जगभरची माणसं त्यांच्यासमोर येतात.

भारतातलं कार्ड चालतं का? ओटीपी येत नाही.

चालतं, पण तयारी मुंबई-पुण्याहून निघण्याआधी करायची. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमांनंतर नव्या कार्डांवर परदेशी व्यवहार सुरुवातीला बंदच असतात. बँकेच्या ॲपमध्ये तीन गोष्टी चालू करून घ्या: परदेशातला वापर, ऑनलाइन व्यवहार आणि टॅप करून पैसे देणं. ओटीपी भारतातल्या नंबरवर येतो, म्हणून ते सिम रोमिंगसह चालू ठेवा. नुसतं काढून पाकिटात ठेवलं तर ओटीपी येणार कुठे? फॉरेक्स कार्ड असेल तर यंत्रावर आणि खिडकीवर सहसा अडचण येत नाही.

ऑयस्टर कार्ड टॅप करून केंब्रिजला जाता येईल का?

नाही. ही चूक सर्वांत महागात पडते. लंडनच्या मेट्रोत आणि बसमध्ये ऑयस्टर किंवा बँकेचं कार्ड टॅप करून फिरता येतं, म्हणून पाहुण्यांना वाटतं की किंग्ज क्रॉसला टॅप केलं की झालं. ही सोय लंडन आणि आसपासच्या ठरावीक स्टेशनांपुरती आहे. गॅटविक विमानतळापर्यंत दोन्ही चालतात. रेडिंगपर्यंत बँकेचं कार्ड चालतं, पण ऑयस्टर चालत नाही. केंब्रिज, ऑक्सफर्ड आणि बाथ यांचं तिकीट वेगळंच काढावं लागतं.

जिथे टॅप चालतं तिथेही एका कार्डावर एकच माणूस. काकांनी टॅप करून मागच्या काकूंना तेच कार्ड देणं चालत नाही. आणि जे कार्ड जाताना टॅप केलं तेच बाहेर पडताना.

आम्ही दोघं साठीच्या पुढचे. सवलत मिळते का?

मिळते, आणि त्यासाठी ब्रिटनचं नागरिक असावं लागत नाही. इथे 'रेलकार्ड' नावाची वर्षभराची कार्डं मिळतात. आत्ता त्यांची किंमत ३५ पौंड आहे आणि त्यांवर तिकिटात एकतृतीयांश सूट मिळते.

साठीनंतर 'सीनियर रेलकार्ड' मिळतं, वयाच्या पुराव्याला पासपोर्ट चालतो. पण ते प्रत्येकाचं वेगळं, म्हणजे दोघांचे ७० पौंड. तुम्ही नवरा-बायको कायम बरोबरच फिरणार असाल तर 'टू टुगेदर' घ्या. एकाच कार्डावर दोघांची नावं आणि फोटो, किंमत ३५. अट एवढीच की दोघांनी एकत्र प्रवास करायचा आणि सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेनऊच्या आधी ते चालत नाही. सहलीला कोण त्याआधी निघतंय? मैत्रिणी-मैत्रिणी किंवा बहिणी-बहिणीही ते घेऊ शकतात, नातं विचारत नाहीत.

मुलगा किंवा मुलगी इथे राहत असेल तर त्यांनी 'नेटवर्क रेलकार्ड' घेणं मला सर्वांत शहाणपणाचं वाटतं. एका कार्डावर कार्डधारक आणि आणखी तीन प्रौढ यांना सूट मिळते. आई-बाबा गेले, सासू-सासरे आले तरी कार्ड तेच. ते फक्त आग्नेय इंग्लंडमध्ये चालतं. केंब्रिज, ऑक्सफर्ड आणि ब्रायटन त्यात येतात, बाथ येत नाही. कामाच्या दिवशी सकाळी दहानंतरच, आणि तेव्हा किमान भाड्याची अटही असते.

कार्ड घ्यावं की नाही याचा हिशेब सोपा आहे. सूट एकतृतीयांश, म्हणून मूळ दराने सगळ्यांची मिळून १०५ पौंडांहून जास्त तिकिटं होणार असतील तर ३५ पौंड वसूल होतात. दोघांच्या दोन सहली झाल्या की बहुतेक वेळा तेवढे होतातच.

तिघं किंवा जास्त असाल तर आधी 'ग्रुपसेव्ह' बघा. तीन ते नऊ जण एकत्र प्रवास करत असतील तर अनेक कंपन्या ऑफ-पीक तिकिटांवर एकतृतीयांश सूट देतात, कुठलंही कार्ड न घेता. ही सवलत फार कमी जणांना ठाऊक असते.

रेलकार्डवर तिकीट काढलं असेल तर कार्ड बरोबर हवंच. टीसीने मागितलं आणि नसलं तर तिकीट असून नसल्यासारखं.

मुलांचं तिकीट?

पाच वर्षांखालील मुलं फुकट, पाच ते पंधरा वयाची अर्ध्या दरात. सोबत त्या वयाचं मूल असेल तर 'फॅमिली अँड फ्रेंड्स रेलकार्ड'ही बघा, मुलांना ६० टक्के सूट मिळते.

ब्रिटरेल पास घ्यावा का?

हा परदेशी पाहुण्यांसाठीचा ठरावीक दिवसांचा रेल्वे पास. एक-दोन सहलींसाठी नको. स्कॉटलंडपर्यंत फिरायचं असेल तर विचार करा.

फोनवरचं तिकीट की कागदी?

दोन्ही चालतात. फोनवर घेतलंत तर घरीच उघडून त्याचा फोटो काढून ठेवा आणि पॉवर बँक बरोबर घ्या, कारण दिवसभर फोटो काढून संध्याकाळी बॅटरी संपते ती नेमकी स्टेशनाच्या दारात. वडीलधाऱ्या मंडळींना मी यंत्रातून छापील तिकीटच काढून देते. नारिंगी रंगाचं छोटं कार्डासारखं असतं. दारातल्या यंत्रात घातलं की दुसऱ्या बाजूने वर येतं, ते आठवणीने उचलायचं. जाण्याचं आणि येण्याचं अशी दोन कार्डं असतात. चुकून दुसरं घातलं तर दार उघडत नाही, घाबरू नका, पहिलं घाला.

फलाट आधी का कळत नाही?

इथे पाटीवर फलाट गाडी सुटण्याच्या थोडाच वेळ आधी लागतो. सगळे पाटीखाली मान वर करून उभे असतात, तुम्हीही राहा. किंग्ज क्रॉसला फलाट क्रमांक शून्यही आहे, तो छपाईचा दोष नाही. गाडीची दारं वेळेच्या अर्धा-एक मिनिट आधी बंद होतात. आपल्या लोकलसारखं धावत चढता येत नाही. दार उघडायला बटण दाबावं लागतं.

काही गाड्या केंब्रिजला तुटतात, पुढचेच डबे किंग्ज लिनकडे जातात. केंब्रिजला उतरणाऱ्याला त्याने फरक पडत नाही. फक्त 'केंब्रिज नॉर्थ' हे वेगळं स्टेशन आहे, गाव पाहायला तिथे उतरू नका.

गाडी उशिरा आली किंवा रद्द झाली तर?

ऑफ-पीक तिकीट असेल तर पुढच्या गाडीने जा. गाडी रद्द झाल्यामुळे जायचंच रद्द केलं तर न वापरलेल्या तिकिटाचे पैसे परत मागता येतात. उशिरा पोचलात तर 'डिले रिपे' नावाची भरपाई मिळते. बऱ्याच कंपन्यांत १५ मिनिटांपासून, काहींत ३० मिनिटांपासून. अर्ज २८ दिवसांच्या आत, ऑनलाइन. त्यासाठी तिकीट किंवा त्याचा फोटो जपून ठेवा. मागायला संकोच करू नका, तो तुमचा हक्क आहे.

रविवारी जावं का?

शक्यतो नको. रुळांची दुरुस्ती बहुधा शनिवार-रविवारी आणि सुट्यांना काढतात, मग अर्धा रस्ता बसने जावं लागतं. मंगळवार, बुधवार, गुरुवार उत्तम. २५ डिसेंबरला गाड्या जवळजवळ पूर्ण बंद असतात, २६ ला अगदी थोड्या. नाताळात येणाऱ्यांनी हे आधीच ध्यानात घ्यावं. संपाच्या तारखाही आदल्या आठवड्यात बघून ठेवा.

तिकीट गाडीत काढलं तर चालेल?

नाही. स्टेशनावर तिकीट मिळण्याची सोय असताना विनातिकीट चढलात तर इंग्लंडमध्ये दंड १०० पौंड आणि वर भाडं. २१ दिवसांत भरला तर दंड निम्मा होतो. पर्यटक आहोत, माहीत नव्हतं, हे कारण ऐकतीलच असं नाही.

आईचे गुडघे दुखतात. इतकं चालणं जमेल का?

रेल्वेकडून मोफत मदत मिळते. 'पॅसेंजर असिस्ट' हे नाव लक्षात ठेवा. फोनवरून किंवा ॲपवरून प्रवासाच्या दोन तास आधीपर्यंत सांगता येतं. चाकाची खुर्ची, चढायला-उतरायला हात, उतरल्यावर दुसरा माणूस हजर, सगळं होतं. आधी सांगितलं नसेल तरी स्टेशनावर विचारा. आपल्या आया "कशाला कुणाला त्रास" म्हणून नाही म्हणतात, तुम्ही त्यांच्या वतीने मागा.

केंब्रिजला उतरल्यावर पुढे काय?

स्टेशनापासून जुनं गाव दीड-दोन किलोमीटर आहे. चालत वीस-पंचवीस मिनिटं किंवा समोरून बस. तिकीट काढतानाच 'प्लसबस' जोडून घेतलं तर दिवसभर गावातली बस त्यातच येते आणि स्वस्त पडतं.

परीक्षांच्या दिवसांत काही कॉलेजं पाहुण्यांना बंद असतात, म्हणून निघण्याआधी त्यांच्या संकेतस्थळांवर बघा. किंग्ज कॉलेजपाशी पोचलात की शेजारच्या सिनेट हाउससमोर थांबा. गणिताच्या ट्रायपॉस या पदवी परीक्षेत रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे, पुढे फर्ग्युसनचे प्राचार्य, १८९९ साली सीनियर रँग्लर (म्हणजे पहिले) झाले, तो निकाल तिथल्या सज्जातून वाचला जात असे. तिथून उत्तरेकडे काही मिनिटं चाललं की त्यांचं सेंट जॉन्स कॉलेज येतं. जयंत नारळीकर १९५७ साली याच गावात शिकायला आले आणि पुढे किंग्जचे फेलो होते. फर्ग्युसनमध्ये शिकलेले माझे काका सेंट जॉन्सच्या दारापाशी बराच वेळ काही न बोलता उभे होते.

संध्याकाळी परतताना घाई नको. लंडनच्या गाड्या रात्री उशिरापर्यंत असतात. शेवटच्या दोन गाड्यांच्या वेळा सकाळीच कागदावर लिहून पर्समध्ये ठेवा आणि साडेपाचची प्रार्थना ऐकूनच निघा.